ग्लास एकच, नावं मात्र गावागणिक!

दोस्तांनो, आधी एक कोडं. काचेचा उंच ग्लास. आत घट्ट, गारेगार, गोड दूध. वर आइस्क्रीमचा गलेलठ्ठ गोळा. सोबत लांब दांड्याचा चमचा, कारण नुसत्या स्ट्रॉनं हे प्रकरण काही संपायचं नाही. ओळखा पाहू, याचं नाव काय?

"सोप्पं आहे, मिल्कशेक!" असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. पण पुण्याचे वाचक लगेच नाक मुरडतील. "मिल्कशेक काय म्हणताय? मस्तानी म्हणा, मस्तानी!" मदुराईचा एखादा मुलगा हाच अंक वाचत असता, तर "जिगरठंडा" म्हणाला असता. कोझिकोडची मुलगी "शारजा" म्हणाली असती. आणि अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एखाद्या आजोबांनी काय सांगितलं असतं, माहितीये? "कॅबिनेट!" हो हो, कॅबिनेट म्हणजे कपाट!

या सगळ्या ग्लासांत थोडाथोडा फरक आहे, हे कबूल. पण दूध, गोडवा, गारवा आणि वरचं आइस्क्रीम ही मंडळी बहुतेक ठिकाणी हजर असतात. मग नावं इतकी वेगळी का? चला तर, आज आपण नकाशा घेऊन सहलीला निघू. या सहलीत किल्ले नाहीत, लेणी नाहीत. आपण फक्त ग्लासांची नावं वाचत जायचं. बघा तर खरं, ती काय काय सांगतात!

पहिला मुक्काम : पुणे

सुरुवात घरापासूनच करू. पुण्यात सदाशिव पेठेत किंवा तुळशीबागेच्या आसपास उन्हाळ्यातल्या संध्याकाळी फेरी मारा. दुकानांसमोर माणसांची झुंबड असते. आजोबा, आजी, ऑफिसातून परतणारे काका, परीक्षा संपलेली मुलं, सगळे हातात ग्लास घेऊन उभे. आंबा, केशर, पिस्ता, सीताफळ, ज्याला जे आवडेल ते. दुधात फळाचा गर किंवा स्वाद घालून ते घुसळतात, दाटसर करतात, ग्लासात ओततात आणि वर आइस्क्रीमचा गोळा ठेवतात. काजू-बदामाचे तुकडे, कधी टुटीफ्रुटी, कधी चेरी. ही झाली मस्तानी.

नाव मस्तानीच का? कुणी सांगतं, पहिल्यांदा पिणारे लोक "मस्त! मस्त!" म्हणाले आणि मस्तचं झालं मस्तानी. कुणी सांगतं, छे, हे नाव बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीवरूनच ठेवलं. ती इतकी नितळ गोरी होती, की विडा खाल्ला तर पानाचा लाल रस गळ्यातून उतरताना दिसायचा, अशी दंतकथा आहे ना? तशीच ही देखणी म्हणून मस्तानी!

खरी मस्तानी कोण होती, हे मात्र इतिहासाला ठाऊक आहे. बुंदेलखंडाचे राजे छत्रसाल यांची ती मुलगी. १७२९ साली मोहम्मदखान बंगशानं छत्रसालांना घेरलं, तेव्हा पहिले बाजीराव त्यांच्या मदतीला धावून गेले. पुढे मस्तानी पुण्यात आली. शनिवारवाड्याच्या एका दरवाजाला आजही मस्तानी दरवाजा म्हणतात. कोथरूडला तिचा महाल होता. त्याचे अवशेष आणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तो दिवाणखाना पुन्हा उभा केला आहे. जमलं तर जरूर बघून या. पेशव्यांच्या घरानं मात्र तिला सून म्हणून कधी मनापासून जवळ केलं नाही. १७४० साली बाजीराव गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी तिची कबर आहे.

आता गंमत बघा. मस्तानीनं आयुष्यात आइस्क्रीम चाखलं असेल का? मुळीच नाही! तिच्या काळात पुण्याच्या उन्हाळ्यात बर्फाचा खडाही मिळत नव्हता. पण ज्या गावानं तिला तेव्हा परकं मानलं, त्याच गावात आज रोज शेकडो तोंडं तिचं नाव कौतुकानं घेतात. "काका, एक मँगो मस्तानी!" नुसतं "मिल्कशेक" म्हटलं असतं, तर ही सगळी गोष्ट आठवली असती का?

आणि हो, तो बर्फ नंतर कुठून आला, हे कोडं डोक्यात ठेवा. पुढच्या एका मुक्कामावर त्याचं उत्तर मिळणार आहे.

दुसरा मुक्काम : मुंबई आणि सुरत

घाट उतरून मुंबईला या. क्रॉफर्ड मार्केटच्या समोर 'बादशाह' नावाचं जुनं दुकान आहे. तिथं लोक फालुदा प्यायला जातात. प्यायला की खायला? दोन्ही! ग्लासाच्या तळाशी फुगलेला सब्जा, त्यावर पांढऱ्या मऊ शेवया, मग गुलाबाचं सरबत, थंड दूध आणि वर आइस्क्रीम. सब्जा म्हणजे तुळशीच्याच कुळातल्या एका झाडाचं बी, बरं का! पाण्यात टाकलं, की प्रत्येक दाण्याभोवती जेलीसारखा गोल पडदा तयार होतो.

फालुदा हे नाव मराठी नाही, गुजराती नाही. ते आलं इराणहून. इराणच्या शिराझ शहरात 'फालूदे' मिळतो. त्यात दूध नसतं. पिठाच्या बारीक शेवया, अर्धवट गोठलेला साखरेचा पाक, गुलाबपाणी आणि वरून लिंबाचा रस. म्हणजे नावानं हजारो किलोमीटरचा प्रवास केला, आणि वाटेत त्याला दूध, सब्जा, आइस्क्रीम असे सोबती मिळत गेले. मुंबईत पारशी घरांमध्ये २१ मार्चला, जमशेदी नवरोजच्या दिवशी, फालुदा करायची पद्धत आहे. इराण सोडून पारशांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, पण नवं वर्ष आलं की इराणी नावाचा ग्लास भरतोच.

मुंबईहून उत्तरेला गाडीनं थोडं गेलात, की सुरत. इथं काय मागाल? 'कोल्ड कोको'. दूध, कोको आणि साखर एकत्र उकळून, थोडं घट्ट करून, बर्फासारखं गार केलेलं पेय. सुरतकर ते चमच्यानं खातात आणि मग ग्लास तोंडाला लावतात. चॉकलेट मिल्कशेक म्हणालात, तर सुरतकर काका तुम्हाला दोन मिनिटं थांबवून फरक समजावून सांगतील!

तिसरा मुक्काम : उडुपी आणि कोझिकोड

आता कोकण रेल्वेत बसा. १९९८ साली ही रेल्वे संपूर्ण सुरू झाली आणि आपल्या कोकणातून थेट कर्नाटकच्या किनाऱ्यावर उतरता यायला लागलं. उडुपी आणि मंगळुरूला आइस्क्रीमच्या दुकानात पाटीवर काय लिहिलेलं असतं, सांगा? 'गडबड'! घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. गडबड हे तिथल्या आइस्क्रीमचंच नाव आहे. उंच ग्लासात दोन-तीन स्वादांची आइस्क्रीमं, मध्ये जेली, फळांच्या फोडी, सुकामेवा असे थरावर थर. म्हणतात, की एकदा दुकानात कुठलंच आइस्क्रीम पुरेसं उरलं नव्हतं आणि गिऱ्हाईक घाईत होतं. मग मालकानं होतं नव्हतं ते सगळं एका ग्लासात भरून दिलं आणि त्या गडबडीचंच नाव पडलं. सुरुवातीला चमच्यानं खायचं, आणि गप्पा लांबल्या की उरलेलं चक्क पिऊन टाकायचं.

तसंच किनाऱ्यानं खाली जा. केरळातलं कोझिकोड. इथं मिळतं 'शारजा'. दूध आधी दगडासारखं गोठवायचं, मग ते फोडून त्यात लहान केळी, साखर आणि माल्टची पावडर घालून मिक्सरमध्ये घुसळायचं. इतकं दाट होतं, की ग्लास तिरका केला तरी लवकर हलत नाही.

शारजा तर आखाती देशांतलं शहर! तुमच्या बाबांना ते क्रिकेटमुळे पाठ असेल. १९८४ साली पहिला आशिया कप तिथंच झाला आणि भारतानं तो जिंकला. १९९८ साली सचिन तेंडुलकरनं तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध लागोपाठ दोन शतकं ठोकली. पण केरळातल्या लोकांना हे नाव क्रिकेटच्याही आधीपासून ओळखीचं आहे. १९७०च्या दशकात आखाती देशांत तेलाचा पैसा आला, आणि केरळातले हजारो तरुण तिथं कामाला गेले. घरी आई-बाबा, बायको, मुलं. महिन्याला पत्र, वर्षा-दोन वर्षांनी भेट. त्यामुळे दुबई, अबुधाबी, शारजा ही नावं तिथल्या घराघरांत पोचली. कुणाचे बाबा शारजाला, कुणाचा दादा शारजाला. ग्लासातली केळी आणि दूध इथलेच, पण नाव मात्र समुद्रापलीकडचं. घरातलं माणूस जिथं असतं ना, तिथलं नाव आपोआप गोड लागायला लागतं.

चौथा मुक्काम : मदुराई आणि चेन्नई

डोंगर ओलांडून तामिळनाडूत शिरलो, की मदुराई. मीनाक्षीच्या देवळाची प्रचंड गोपुरं बघून पाय दुखले आणि घसा कोरडा पडला, की लोक जिगरठंडा प्यायला जातात. जिगर म्हणजे काळीज. काळजाला थंडावा देणारा तो जिगरठंडा. तमिळ मुलखाच्या मधोमध हे चक्क उर्दू वळणाचं नाव! नावच सांगतं, की या बाजारात कधीकाळी वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं एकत्र राबत होती.

यातही मजेदार जिन्नस असतात. बदामाच्या झाडाचा डिंक रात्रभर भिजवतात. सकाळी तो फुगून काचेच्या तुकड्यांसारखा पारदर्शक होतो. मग 'नन्नारी'चं सरबत घालतात. नन्नारी म्हणजे आपली अनंतमूळ, आयुर्वेदिक दुकानात मिळते ती. त्यात आटवून लालसर केलेलं दूध आणि वर आटीव दुधाचंच आइस्क्रीम.

इथून चेन्नई गाठू, कारण आता बर्फाच्या कोड्याचं उत्तर द्यायचंय. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यासमोर एक गोलाकार, सुंदर इमारत आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते, म्हणून आज तिला विवेकानंदर इल्लम म्हणतात. पण त्या भागाला लोक अजूनही 'आइस हाउस' म्हणतात. का? कारण ती इमारत मुळात बर्फ साठवण्यासाठी बांधली होती! आणि तो बर्फ यायचा कुठून? तर अमेरिकेतून, जहाजानं!

विश्वास बसत नाही ना? अमेरिकेच्या ईशान्येला बॉस्टन शहर आहे. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं विचार केला, की हा फुकटचा बर्फ कापून उष्ण देशांत विकला तर? लोक त्याला हसले. पण १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कोलकात्याला निघालं. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून जहाज चार महिन्यांनी पोचलं. बर्फ लाकडाच्या भुशात नीट गुंडाळून ठेवला होता. तरी पोचेपर्यंत किती उरला? सुमारे १०० टन! पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ यायला लागला. बर्फ बनवायची यंत्रं भारतात आल्यावर हा व्यापार थांबला. पण चेन्नईतला पत्ता अजून 'आइस हाउस'च आहे. बर्फ कधीच वितळला, नाव मात्र वितळलं नाही!

पाचवा मुक्काम : समुद्रापलीकडे

बर्फाचं जहाज आलं त्याच वाटेनं आपण उलटे जाऊ आणि बॉस्टनला उतरू. गंमत म्हणजे नावांचा गोंधळ तिथंही आपल्यासारखाच आहे. बॉस्टनच्या जुन्या वळणाच्या दुकानात 'मिल्कशेक' मागा. काय येईल? दूध आणि सरबत घुसळून केलेलं पातळ पेय. आइस्क्रीम नाहीच! आइस्क्रीम हवं असेल, तर 'फ्रॅप' म्हणायचं. मूळ शब्द फ्रेंच, 'फ्रापे'. बॉस्टनकरांनी त्याचा शेवटचा स्वर गाळून टाकला.

आता सांगा, बॉस्टनचे लोक चुकतात का? मुळीच नाही. उलट तेच जुना अर्थ सांभाळून आहेत. पूर्वी मिल्कशेक म्हणजे दूध, सरबत आणि बर्फ एवढंच असायचं. तुम्हाला हॉर्लिक्स माहीत आहे ना? हॉर्लिक नावाचे दोन भाऊ इंग्लंडहून अमेरिकेत आले आणि १८७३ साली शिकागोत त्यांनी धंदा सुरू केला. त्यांच्या माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीची पेयं अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानांत मिळायची. हो, औषधाच्या! तेव्हा तिथल्या औषधांच्या दुकानांत एका बाजूला सोडा आणि सरबतांचा कट्टा असे. १९२२ साली शिकागोतल्या अशाच एका दुकानात आयव्हर कूल्सन या कामगारानं माल्टच्या दुधात आइस्क्रीमचे दोन गोळे टाकले. लोक वेडे झाले! तेव्हापासून 'मिल्कशेक' म्हटलं, की आइस्क्रीम आलंच, असं बाकीच्या अमेरिकेत ठरून गेलं. बॉस्टननं मात्र जुन्या पेयाचं नाव जुन्यालाच ठेवलं आणि नव्याला नवं नाव दिलं. आपल्या खेड्यातल्या आजीच्या बोलीतही असे जुने शब्द टिकून असतात ना, ज्यांचा अर्थ शहरात बदलून गेलेला असतो? तसंच हे.

बॉस्टनच्या दक्षिणेला ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य. आपल्या पुणे जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं असेल. पण ऐट केवढी! तिथं फ्रॅपलाही फ्रॅप म्हणत नाहीत, 'कॅबिनेट' म्हणतात. घुसळायचं यंत्र लाकडी कपाटात ठेवलेलं असायचं, म्हणून पेयाचंच नाव कपाट पडलं, असं सांगतात. त्यात कॉफीच्या पाकाचं कॅबिनेट सगळ्यात लाडकं. कॉफीचा गोड पाक घातलेलं थंड दूध तर तिथली मुलंसुद्धा पितात, आणि १९९३ साली त्या राज्यानं 'कॉफी मिल्क' हे आपलं अधिकृत राज्यपेय म्हणून जाहीर केलं. राज्यपक्षी, राज्यवृक्ष असतात ना, तसं राज्यपेय!

तिथल्या 'न्यूपोर्ट क्रीमरी' या दुकानांत आणखी एक ग्लास मिळतो, 'ऑफुल ऑफुल'. ऑफुल म्हणजे भयंकर. भयंकर मोठं आणि भयंकर चांगलं, म्हणून ऑफुल ऑफुल. आपण नाही का म्हणत, "भयंकर आवडलं"? मग!

तिथून न्यूयॉर्क जवळच. तिथलं जुनं पेय 'एग क्रीम'. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही, त्यांनी काळजी करू नये. एग क्रीममध्ये एग नसतं आणि क्रीमही नसतं! दूध, चॉकलेटचा पाक आणि वरून जोरात सोडलेलं सोड्याचं पाणी. फेस असा येतो, की बघत राहावं. आणि दुधात सोडा ऐकून "ईऽऽ" म्हणू नका. आपल्याकडे पंजाबात, अमृतसरच्या बाजूला, 'दूध सोडा' पिढ्यान्‌पिढ्या पितात. सीमेपलीकडे लाहोरलाही तोच पितात, त्याच नावानं. पंजाबी माणसानं नाव कसं सरळ ठेवलं बघा, जे आत आहे तेच बाहेर!

जाता जाता ऑस्ट्रेलियाचंही ऐका. तिथं सोड्याच्या पेयात आइस्क्रीमचा गोळा टाकला, की त्याला म्हणतात 'स्पायडर', म्हणजे कोळी! फेसाचे धागे जाळ्यासारखे दिसतात म्हणे.

मग ही नावं जातात कुठं?

इतकी नावं ऐकून वाटतं, जगात गंमतच गंमत आहे. पण यातली काही नावं आता थकत चालली आहेत. बॉस्टन आणि ऱ्होड आयलंडच्या औषधांच्या दुकानांतले ते सोड्याचे कट्टे बहुतेक बंद झाले. मुंबईतली इराणी हॉटेलं एकामागून एक कमी होत गेली. 'कॅबिनेट' हा शब्द तिथल्या आजोबांच्या तोंडी आहे, नातवंडं मात्र बऱ्याचदा 'मिल्कशेक' म्हणून मोकळी होतात.

हे कसं घडलं, त्याचीही एक गोष्ट आहे. रे क्रॉक नावाचे गृहस्थ अमेरिकेत गावोगाव फिरून मिल्कशेक घुसळायची यंत्रं विकायचे. त्यांच्या एका यंत्रावर एका वेळी पाच ग्लास घुसळता यायचे. १९५४ साली त्यांना कळलं, की कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या हॉटेलात अशी आठ यंत्रं आहेत. म्हणजे एका वेळी चाळीस ग्लास! कोण आहेत हे लोक, म्हणून ते बघायला गेले. ते हॉटेल होतं मॅक्डोनल्ड नावाच्या भावांचं. क्रॉकनी पुढे त्यांच्याकडून परवानगी घेऊन गावोगाव तशीच हॉटेलं काढली. सगळीकडे तोच पदार्थ, तीच चव आणि तेच नाव. याची सोय मोठी आहे. परक्या गावात भूक लागली, की काय मिळेल याची चिंता नाही. पण एकच यादी सगळीकडे टांगायची, तर त्या यादीत 'कॅबिनेट'ला जागा कुठली? 'गडबड' तरी कुठं लिहिणार?

दुकान बंद पडलं तर वाईट वाटतं, पण ते सगळ्यांना दिसतं. नाव बंद पडतं ते कुणालाच दिसत नाही. आणि नावाबरोबर बरंच काही जातं. मस्तानी दरवाजा, शारजाचं पत्र, नवरोजचा ग्लास, बर्फाचं जहाज, ही सगळी त्या नावांच्या पाठीमागे उभी असलेली माणसं. म्हणून तर गाव सोडून दूर गेलेली माणसं चवीबरोबर नावही शोधत राहतात. परदेशात राहणारी मराठी मंडळी घरच्या मिक्सरमध्ये आंब्याचा डब्यातला गर घुसळतात आणि वर आइस्क्रीम ठेवून मुलांना सांगतात, "ही मस्तानी हं!" पुण्याच्या पेठेतली ती गर्दी तिथं नसते. पण नाव घेतलं, की निम्मं पुणं तरी घरात आलंच.

आता तुमची पाळी

सुट्टीत एक छोटं काम करायचं का? एक वही घ्या. आजी-आजोबांना, आई-बाबांना, शेजारच्या काकूंना विचारा, "तुम्ही लहान असताना गार काय खायचात, काय प्यायचात? त्याला काय म्हणायचात?" कुणी सांगेल 'गारेगार'. काठीवरची बर्फकांडी विकणारा तीच आरोळी ठोकत यायचा, म्हणून तिचंही नाव गारेगार. कुणी सांगेल 'पेप्सी' किंवा 'पेप्सीकोला'. ती बाटलीतली नव्हे हं! प्लॅस्टिकच्या लांब नळीत गोठवलेलं रंगीत सरबत, कोपरा दातानं तोडून चोखायचं. कुणी 'पियूष' म्हणेल, तर विचारा, ते श्रीखंडाचं कसं करतात? कुणी हातानं फिरवायच्या लाकडी पिंपातल्या आइस्क्रीमबद्दल सांगेल, तर पुढचा प्रश्न विचारा, बर्फात खडेमीठ का घालायचे? (उत्तर : मीठ घातलं की बर्फ शून्य अंशाच्याही खाली जातो, म्हणून आतलं दूध गोठतं.)

वहीत चार रकाने करा. नाव, गाव, आत काय काय असायचं आणि कुणी सांगितलं. चौथा रकाना विसरू नका. तोच सगळ्यात महत्त्वाचा.

आणि वही भरताना घसा कोरडा पडला, तर घरीच मस्तानी करा. दोन पिकलेल्या आंब्यांचा गर, दीड कप तापवून अगदी गार केलेलं दूध, चवीपुरती साखर आणि आइस्क्रीमचे दोन गोळे मिक्सरमधून फिरवा. (मिक्सर मोठ्यांनी लावायचा!) उंच ग्लासात ओता, वर आणखी एक गोळा ठेवा, काजूचे तुकडे भुरभुरवा. ज्यांनी तुम्हाला नावं सांगितली, पहिला ग्लास त्यांना द्या.

परगावी गेलात, की मात्र आधी कान उघडे ठेवा. तिथली माणसं त्या ग्लासाला काय म्हणतात ते ऐका आणि त्याच नावानं मागा. दुकानदार काका आधी चमकून बघतील, मग हसतील, आणि त्या नावाची गोष्ट तुम्हाला आपणहून सांगतील. ती ऐकता ऐकता ग्लास कधी रिकामा झाला, कळणारही नाही!